हा फोन कुणाचा?

तासगावात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर जागा दोनच. एक विहिरीचा तळ आणि दुसरी विजयमाला बिरनाळे. त्यातली विहीर उन्हाळ्यात आटते, म्हणजे खरं तर जागा एकच.

बाई चौपन्न वर्षांची. त्यातली अठ्ठावीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात कारकून. तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या वाटण्या, फारकती, मृत्युपत्रं तिच्या बोटांखालून गेलेली. कुणाच्या सासऱ्यानं कुणाला वगळलं, कुणाचं लग्न कागदावरच उरलंय, सगळं हिला पाठ. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई वाढप्याला हाक मारून हिच्या पानात जिलेबी वाढायला लावायची आणि मग हळूच विचारायची, "काय म्हनती मग ती अमक्याची केस?" विजयमाला जिलेबी संपवायची, बोटं चाटायची आणि म्हणायची, "पाक चांगला जमलाय." चतुर्दशीला ती मौन धरायची. लोक म्हणायचे, बाकीचे दिवस तरी ही कुठं बोलते!

हे वळण जिनपाल वकिलांचं. टाइपरायटरच्या काळात ती त्यांच्याकडं लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं, "पक्षकार आपल्याकडं कागद घेऊन येत नाही, अब्रू घेऊन येतो. कागद हरवला तर नक्कल मिळते." रोज संध्याकाळी वापरलेले कार्बन मोजून वकिलांच्या घरच्या बंबात जाळायचे, हे तिचं काम. कार्बन उजेडाकडं धरला की अख्खं पत्र वाचता येतं, हे किती जणांना ठाऊक असतं? वकिलांना ठाऊक होतं. पुढं काँप्युटर आला, ईमेल आला, व्हॉट्सॲप आलं, आणि आठ वर्षांपूर्वी जिनपाल वकील गेले. खुर्चीत त्यांची मुलगी रूपाली बसली. पोरगी हुशार, बापासारखीच कडक. दोघींनी मिळून नवे नियम बांधले. काँप्युटरचं तोंड भिंतीकडं. फाइलला नाव द्यायचं नाही, नुसता नंबर. पक्षकाराशी बोलताना स्पीकर लावायचा नाही.

आणि एक नियम विजयमालाचा स्वतःचा. बाई पक्षकारानं नंबर दिला की पहिला प्रश्न, "हा फोन कुणाचा?" कारण आपल्याकडं बाईचा फोन म्हणजे बहुतेक वेळा घरातला फोन. सकाळी सासूच्या हातात, दुपारी दिराच्या खिशात, संध्याकाळी पोरांच्या गेममध्ये. एकदा ऑफिसनं एका सुनेला कोर्टाची तारीख कळवली आणि ती वाचली सासऱ्यानं. ती सून परत कधी ऑफिसात आली नाही. तिचं पुढं काय झालं हे विजयमालानं कुणाला विचारलं नाही, पण त्या दिवसापासून रजिस्टरात एक रकाना वाढला: फोन कुणाचा, आणि आणखी कुणाच्या हाती पडतो.

तर अशी ही बाई. आणि मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हिनंच घोटाळा केला.

झालं असं. क्रांती नावाची एक पक्षकार होती. माहेर तासगावपासून चौदा किलोमीटरवर, द्राक्षबागांतलं. दिली होती आष्ट्याला. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी वारले. मागं आई शालूबाई, भाऊ विश्वजीत आणि सात एकर. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बाप गेला की बहीण निबंधकाच्या ऑफिसात येते, हक्कसोडपत्रावर सही करते, भावानं आणलेली साडी घेते आणि डोळे पुसत बसमध्ये बसते. हिस्सा मागितला की माहेर तुटलं, हा इकडचा अलिखित कायदा. लिखित कायदा काय म्हणतो हे विचारायला क्रांती गेल्या डिसेंबरात रूपालीकडं आली होती, आणि तिथंच तिनं दुसरीही गोष्ट सांगितली. नवरा पुण्याला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता आणि क्रांती मुलीला घेऊन आष्ट्यातच एका भाड्याच्या खोलीत. माहेरी यातलं कुणाला काही माहीत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी विश्वजीतनं बहिणीला फोन केला, "उद्या एकची येळ मिळालीया. ये." झालं! रूपालीला त्या दिवशी सांगलीला जिल्हा कोर्टात केस. तिनं सकाळी गाडीतूनच विजयमालाला सल्ला सांगितला, विजयमालानं टाइप केला. तीन मुद्दे. एक, सही करू नका. दोन, मागताना पूर्ण हिस्सा मागा, पण रस्त्याकडचे दहा गुंठे घरापुरते मिळाले तरी आपण थांबू. तीन, तुम्ही सहा महिने वेगळ्या राहताय आणि तुम्हाला दुसरा आसरा नाही, हे भावाला आत्ता कळू देऊ नका. ते कळलं तर तुमचा हात दगडाखाली आहे हे त्यांना कळेल.

फाइलला नंबर दिला, चारशे बारा. मोबाइलवर घेतली. क्रांतीचं नाव शोधलं, पाठवून दिली. एक टिक आली.

आणि मग वर गोलात असलेला फोटो तिला दिसला. क्रांतीच्या फोटोत तिची मुलगी असते. इथं गॉगल घातलेला एक गडी ट्रॅक्टरला टेकून उभा होता आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, "विश्वजीतदादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

विजयमालानं वरचं नाव परत वाचलं.

नाव होतं "क्रांती २". आता आठवलं! संक्रांतीला क्रांती माहेरी गेली होती, तिचा फोन हौदात पडला होता, आणि तिनं घरामागून भावाच्या फोनवरून घाईघाईनं विचारलं होतं, "आक्का, सातबाऱ्याची नक्कल मिळाली का?" त्या वेळी समोर तीन पक्षकार बसलेले, बाहेर दोघं भांडत उभे. विजयमालानं उत्तर दिलं, नंबर साठवला आणि आयुष्यात एकदाच तो प्रश्न विचारायची राहिली.

मेसेज दाबून धरला, कचऱ्याचा डबा दाबला, दोन-तीन पर्याय आले, चष्मा कपाळावर. तिनं एक दाबला. मेसेज गेला! हुश्श म्हणून तिनं चष्मा खाली ओढला, तेव्हा कळलं की तो फक्त तिच्याच फोनवरनं गेला होता. खाली परत घ्या म्हणून काहीतरी क्षणभर चमकलं होतं, तेही विझलं. बुडत्याचा पाय खोलात, तो असा. आता तिला तो मागंही घेता येईना. चारशे बारा नंबरची फाइल वाऱ्यावर कुठंतरी लोंबकळत होती आणि विश्वजीतचा फोन लागला की त्याच्या खिशात पडणार होती.

तिनं ऑफिसच्या फोनवरून तो नंबर लावला. बंद! देवा, बंद! क्रांतीच एकदा म्हणाली होती, "दादाचा मागला फोन बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं बुडवायच्या बादलीत गेला, तवापास्नं तिथं असला की बंद करून पिशवीत ठेवतोय." म्हणजे गडी शेडवर आहे. म्हणजे वेळ आहे. एक वाजता निबंधकाकडं यायचंय म्हणजे फार तर अकराला तो हात धुणार आणि फोन लावणार.

रूपालीला फोन केला. बंद. सांगलीच्या वाटेवर रेंज नसणार. क्रांतीचा खरा नंबर काढला, लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. परत लावला, परत तोडला. आधी निस्तरू, मग सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. तिला लाज वाटत होती.

ऑफिसला कुलूप, स्कूटीला किल्ली. चौपन्न वर्षांची, गुडघ्यांची तक्रार असलेली बाई तासगावच्या बाजारातून अशी सुटली की भाजीवाल्यानं जुडी मागं ओढली आणि एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायच्या ऐवजी ब्रेकच दाबला. पत्ता विचारायची गरजच नव्हती. शेडच्या सीमा तिनं स्वतः टाइप केल्या होत्या, पूर्वेला ओढा, पश्चिमेला रस्ता, दक्षिणेला चुलत्याची बाग. पदर कानांवरून घट्ट गुंडाळलेला, समोर ऊन, मागं धुरळा, आणि डोक्यात एकच हिशेब: अकरा वाजायला पन्नास मिनिटं. शेवटची एवढी जोरात गाडी तिनं कधी चालवली होती? कधीच नाही! भीती होतीच, आणि खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या तळाशी एक विलक्षण उत्साहही होता. अठ्ठावीस वर्षं खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या लढाया टाइप केलेल्या बाईला पहिल्यांदाच स्वतःची लढाई मिळाली होती.

अर्ध्या वाटेवर फोन वाजला. रूपाली! विजयमालानं गाडी बाभळीखाली घेतली आणि एका दमात सगळं सांगितलं. रूपाली ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, आता ऐका. पहिलं, क्रांतीला लगेच सांगायचं. सगळं."

"अगं, आधी पुसून तरी येते. त्यानं वाचलंच नाही तर सांगायचं काय?"

"गुपित तिचं आहे, आपलं नाही. ते कुठं गेलं होतं हे तिला कळलंच पाहिजे. दुसरा वकील हवा असला तर कागद आजच द्यायचे, तक्रार करायची असली तर तीही वाट दाखवायची. दुसरं, विश्वजीतच्या फोनला हात लावायचा नाही. त्याला एवढंच सांगायचं, चुकून आलंय, तुमचं नाही, न उघडता पुसा. कुणाचं ते सांगायचं नाही. आपल्याकडं कोण येतं तेही सांगायचं नाही."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर नाही ऐकलं. मग त्याचे परिणाम माझ्यावर. ऑफिस माझं आहे."

"बोट माझं होतं," विजयमाला म्हणाली.

तिनं तिथूनच क्रांतीला फोन लावला, या वेळी तोडला नाही. क्रांती बसमध्ये होती. मागं कंडक्टरची बेल, कुणाची कोंबडी, कुणाचं रडतं पोर. "आक्का, काय ते मोठ्यानं बोला! ऐकू येत न्हाई!" आता हे मोठ्यानं कसं बोलायचं? ती तिकडं बहुतेक स्पीकर लावून ओरडत होती, म्हणजे इकडचा शब्द अन् शब्द निम्म्या बसला ऐकू जाणार. एका चुकीवर दुसरी चढवायची नव्हती. "उतरलात की स्टँडवरच थांबा! मी येते! मला भेटल्याशिवाय कुठं जाऊ नका!" एवढंच ओरडून तिनं गाडी परत रस्त्यावर घातली.

शेडवर पोचली तेव्हा दहा पस्तीस झाले होते. जाळ्यांच्या मजल्यांवर बायका ओली द्राक्षं पसरत होत्या, पलीकडच्या टोकाला विश्वजीत कोपरापर्यंत हात बुडवून क्रेट बुचकळत होता. अलीकडं लिंबाखाली शालूबाई बेदाण्याच्या काड्या निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावरच्या फांदीला पिवळी कापडाची पिशवी लोंबत होती.

"विश्वजीत यांचा फोन..." विजयमालाला धाप लागली होती.

"बंद हाय व्हय? त्यात हाय बग, पिशवीत. मला त्यातलं काय कळत न्हाई. तूच लाव की बाई." म्हातारीनं पिशवी काढून सरळ तिच्या हातात दिली.

आता बघा. फोन हातात. गडी शंभर पावलांवर, पाठ करून. म्हातारीला कळत नाही. बटण दाबायचं, मेसेज आला की पुसायचा, पिशवी फांदीला. अर्ध्या मिनिटाचं काम! कुणाला काही सांगायला नको, कुणी काही विचारायला नको, आणि अठ्ठावीस वर्षांचं नाव जिथल्या तिथं. विजयमालाचा अंगठा खरंच त्या बटणावर गेला. इथपर्यंत आलेला अंगठा मागं घेणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. पण तिला दिसलं की हाही कुणाचा तरी फोन आहे. याच्यातही कुणाचं तरी काहीतरी असेल, आणि ते उघडायला आपण कोण? तिनं फोन पिशवीत टाकला, पिशवी म्हातारीच्या मांडीवर ठेवली आणि घसा ताणून हाक मारली, "विश्वजीत! जरा इकडं या!"

विश्वजीत हात पुसत आला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, गॉगल नसल्यामुळं फोटोपेक्षा साधा दिसणारा. विजयमालानं आपलं नाव सांगितलं, ऑफिसचं सांगितलं आणि मग रूपालीनं दिलेली वाक्यं शाळेतल्या कवितेसारखी म्हणून दाखवली. चुकून आलंय. तुमचं नाही. न उघडता पुसा.

"कुनाचं हाय?"

"ते सांगता येत नाही."

"माझ्या जमिनीचं काय हाय का त्यात?"

"विचारू नका. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"आनि माझा नंबर तुमच्याकडं कसा?"

हा प्रश्न येणार हे तिला बाभळीखालीच कळलं होतं. उत्तर तेव्हाही सापडलं नव्हतं. "तेही सांगता येत नाही," ती म्हणाली.

विश्वजीतची मान ताठ झाली. "आवं मॅडम, म्हंजी वकिलाच्या हापिसातनं माझ्या फोनवर कायतरी येनार, तुमी चौदा किलोमीटर पळत येनार, आनि मी न बगता पुसनार? खुळा हाय का मी?" त्यानं पिशवीतून फोन काढला आणि चालू केला.

फोन जागा झाला आणि टिंग टिंग टिंग सुरू! भावकीच्या ग्रुपवरची सुप्रभातं, द्राक्षाचे भाव, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, आणि त्या सगळ्यांत एक अनोळखी नंबर. त्याखाली फाइल, चारशे बारा. त्याचा अंगठा तिच्यावर थांबला. विजयमालानं डोळे मिटले नाहीत. मिटावेसे फार वाटले.

"तुमच्या हातात आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण ते दुसऱ्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं आहे, आणि माझ्या चुकीनं इथं आलंय. शिक्षा मला होऊ दे. त्या माणसाला नको."

"आय, बग की कसं बोलती ही!"

शालूबाईंनी काड्या बाजूला सारल्या. "तुजा बा सीमेवरनं पत्र पाठवायचा," त्या म्हणाल्या, जणू मधलं काही बोलणं झालंच नव्हतं. "मला वाचाय येत न्हवतं. मास्तर वट्यावर बसून वाचायचं आनि सगळी आळी गोळा व्हायची. एकदा त्यानं लिवलं, तुज्या हातच्या भाकरीचा वास सपनात येतोय आनि जाग येती. मास्तरनं वाचलं. सगळी फिदीफिदी हसली. धा वरीस बाया मला भाकरी म्हनून हाक मारत हुत्या. तुजी लीलाबाई चुलती तर मरस्तवर. माजं पत्र हुतं रं ते. माज्या यकटीचं. आनि सगळ्यात शेवटाला ते माज्यापातूर आलं."

विश्वजीतनं अंगठा फाइलवरून उचलला.

"पन आय, माज्याच इरोधात असलं तर?"

"असंना. कुनाचं तरी हाय न्हवं? मग पुस."

त्यानं आईकडं बघितलं, विजयमालाकडं बघितलं, आणि एकदा त्या फाइलकडं. मग फोन आडवा करून विजयमालाला दिसेल असा धरला, दाबलं, पुसलं. "झालं? का आनि काय?"

विजयमालाला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. तिनं हात जोडले. म्हातारीनं तिच्या ओंजळीत मूठभर बेदाणे घातले आणि म्हणाली, "पानी पी आदी. तोंड बग कसं झालंया."

परतीच्या वाटेवर स्कूटी आपोआप चालल्यासारखी वाटत होती. जिंकलो! पुसलं! वाचलं नाही! पण तासगाव जवळ आलं तसं मनात दुसरंच सुरू झालं. आता सांगायचं तरी कशाला? घरात चोर शिरला आणि काही न नेता गेला, तर घरधनिणीची झोप कशाला उडवायची? विचार अगदी गोड होता, आणि म्हणूनच तिला तो आवडला नाही.

स्टँडवर क्रांती उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी होती, हातात घट्ट धरलेली पर्स. विजयमालानं तिला बाकावर बसवलं आणि काही न झाकता सांगितलं. संक्रांतीचा नंबर, न विचारलेला प्रश्न, चुकीचं दाबलेलं बटण, शेड, पिशवी, बटणावर गेलेला आपला अंगठासुद्धा.

क्रांतीचा चेहरा पांढरा पडला. तिनं समोरच्या बसच्या पाटीकडं तोंड फिरवलं.

"सा म्हयनं झालं, मी आयला सांगितलं न्हाई, आक्का," ती म्हणाली. "तुमाला सांगितलं."

याच्यापुढं शिव्या परवडल्या असत्या. विजयमाला म्हणाली, "रूपाली मॅडम म्हणाल्यात, तुम्हाला दुसरा वकील करायचा असला तर सगळे कागद आज देतो. माझ्याविरुद्ध तक्रार करायची असली तर ती कशी करायची तेही सांगतो."

क्रांतीनं ते ऐकल्यासारखं दिसलं नाही. "आनि दादानं उघडलाच न्हाई?"

"नाही. माझ्या डोळ्यांदेखत पुसला."

"त्याला वाटलं असंल, दुसऱ्याच कुनाचं तरी हाय."

"त्यानं विचारलं होतं, माझ्या जमिनीचं आहे का म्हणून. मी सांगितलं नाही. शंका त्याला होती, क्रांती. तरी पुसला."

क्रांती उठली. रस घेतला नाही, पदर नीट केला, आणि चालायला लागली. विजयमालाला मागं यावं की न यावं कळेना. पाच पावलांवर क्रांती थांबली. "या की," ती म्हणाली. "एकटीला भ्या वाटतंय."

निबंधकाच्या ऑफिसाबाहेर नेहमीसारखी गर्दी. पायऱ्यांवर विश्वजीत, धुतलेला पांढरा शर्ट, हातात टोकन आणि साड्यांच्या दुकानाची पिशवी. शेजारी शालूबाई. बहिणीबरोबर विजयमालाला येताना बघून तो उभा राहिला. डोळ्यांत आधी ओळख आली, मग गोंधळ, आणि मग हळूहळू सगळं जुळत गेलं. जुळलं तसा त्याचा चेहरा लाल झाला.

विजयमालाला वाटलं, आता हा भडकणार! वकिलीण करून आलीस व्हय, म्हणणार, आणि चारचौघांत तमाशा. क्रांतीनं त्याला तोंड उघडू दिलं नाही.

"दादा, सकाळी तुज्या फोनवर आलेलं माजं हुतं."

"कळलं," विश्वजीत म्हणाला. आवाज कोरडा ठणठणीत.

"त्यात लिवलं हुतं, तुला काय काय सांगायचं न्हाई ते. तू वाचलं असतंस तर मी तुला इथनं पुढं कोर्टातच भेटले असते. साडी घेतली नसती आनि राखी बी बांधली नसती." तिचा हात विजयमालाच्या मनगटावर घट्ट आवळला होता. "तुज्या हातात हुतं आनि तू वाचलं न्हाईस. म्हनून आता मीच सांगते. मला नांदवत न्हाईत, दादा. सा म्हयनं झालं. मी पोरीला घिऊन खोलीत ऱ्हातेय."

शालूबाई "आगं बया" म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली पाण्याची बाटली पायरीवरून घरंगळत खाली गेली. विश्वजीतच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला.

आतून शिपायानं हाक मारली, "सतरा नंबर! सतरा कोण हाय?"

टोकन विश्वजीतच्या मुठीत होतं.

"सतरा! हाय का न्हाई?"

"अठराला घ्या आत," विश्वजीत वळून न बघता म्हणाला. साडीची पिशवी त्यानं बाजूला ठेवली, बहिणीचा खांदा धरून तिला पायरीवर बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर बसला.

"सांग," तो म्हणाला. "पयल्यापास्नं सांग."

क्रांतीच्या हाताची पकड सुटली. विजयमालानं आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं, रस्ता ओलांडला आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन उभी राहिली.